कपाटाला कुलूप नको

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



मला सांगितलंय, दहा मिनिटांत आटपा, बाई, नंतर जेवण आहे. तेव्हा थेट मुद्द्यावर येते. जिन्याखालच्या आपल्या पुस्तकांच्या दोन कपाटांविषयी मला बोलायचंय.

आधी एक कबुली देते. मी तीस वर्षं एका शाळेत ग्रंथपाल होते. निवृत्त झाले त्या दिवशी पुस्तकांची मोजणी झाली आणि एकही पुस्तक कमी भरलं नाही. माझा सत्कार झाला, शाल मिळाली. घरी आल्यावर मात्र मनात येत राहिलं, की कितीतरी पुस्तकांच्या तारखेच्या चिठ्ठ्या कोऱ्याच होत्या. पुस्तक हरवलं नाही, कारण ते कुणाला दिलंच नव्हतं. मुलं काचेतून बघायची आणि मी किल्ली कमरेला लावून फिरायची. कुणी पेन्सिलीची रेघ मारली तर दंड. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ सालीच सांगून ठेवलंय, की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. हा त्यांचा पहिलाच नियम. परीक्षेत मी तो पाठ करून लिहिला होता, पण पाळला नाही.

म्हणून इथे राहायला आल्यावर ही कपाटं सुरू केली, ती कुलपाशिवाय. एक वही आणि दोरीला बांधलेलं पेन, बस. सुरुवातीला लोक हसले. "बाई, रद्दीवाला घेऊन जाईल." रद्दीवाल्याने नेलं नाही. खरं सांगायचं तर फारसं कुणीच नेलं नाही.

मग मार्च २०२० आला. गेट बंद, शाळा बंद, वाचनालयं बंद. आठव्या दिवशी बी विंगमधून एका आईचा फोन आला, "बाई, काहीतरी द्या हो, पोरं डोकं खाताहेत." दुसऱ्या मजल्यावरून दोरीला पिशवी सोडली गेली. मी त्यात चार पुस्तकं टाकली. संध्याकाळपर्यंत सहा बाल्कन्यांतून पिशव्या लोंबत होत्या. परत आलेलं पुस्तक तीन दिवस बाजूला ठेवायचं आणि मगच पुढे द्यायचं, असा नियम केला. मग कपाट पुस्तकांपुरतं राहिलं नाही. कुणी कॅरम दिला, कुणी बुद्धिबळ. कुणी ठोकळ्यांचं कोडं दिलं. त्यातला एक ठोकळा अजून सापडलेला नाही, कुणाच्या सोफ्याखाली असेल तर बघा. एका वहिनींनी भरतकामाचे नमुने दिले.

मोबाईलशी माझं वाकडं, पण नातीने शिकवलं. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ साली सुरू झालं. त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. तुमच्यापैकी कित्येकांनी लहानपणी वाचलेला अंक आता मुलाला दाखवता येईल. मराठी विश्वकोशही असाच घरबसल्या उघडता येतो. त्याचा आम्ही खेळ केला. एकाने नोंद वाचायची, विषयाचं नाव मात्र गाळायचं आणि बाकीच्यांनी ओळखायचं. फोनवरून तीन मजले एकदम खेळायचे. आजही करून बघा, लाइट गेल्यावर वेळ छान जातो.

आपण नगरची माणसं. या बाबतीत आपण काही नवखे नाही. आपलं जिल्हा वाचनालय १८३८ सालचं, म्हणजे रेल्वे नव्हती तेव्हाचं. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये इथेच सुरू झालं. आणि आपला भुईकोट किल्ला! १९४२ नंतर तिथे नेहरू, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत अशी मंडळी कोंडलेली होती. नेहरूंनी १९४४ मध्ये पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथेच लिहून काढलं. बरोबरच्या कैद्यांशी झालेल्या गप्पांचा, त्यांच्या विद्वत्तेचा आपल्याला किती उपयोग झाला, हे त्यांनी प्रस्तावनेत लिहिलंय. दार बाहेरून बंद असताना आतल्या माणसांनी एकमेकांना काय द्यायचं, हे त्या किल्ल्यात दिसतं.

आता एकच गोष्ट सांगते.

ए विंगमधले आपले काका सर्वांना आठवत असतील. लॉकडाऊनमुळे त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबलं. घरात एकटे, टीव्हीवर नुसते आकडे. समोरच्या फ्लॅटमधली मुलगी तेव्हा आठवीत होती. वाचताना अडखळायची, म्हणून वर्गात मोठ्याने वाचायला घाबरायची. मी तिला लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' दिली आणि सांगितलं, "काकांना फोनवर वाचून दाखव. त्यांना दिसत नाही, तुझं चुकलेलं कळणार नाही."

ही माझी थाप होती. काकांना निम्मं पुस्तक पाठ होतं! पण त्यांनी एकदाही तिला टोकलं नाही. रोज पाच वाजता फोन. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याच्या हकिकती आल्या, की काकांचं हसू जिन्यात ऐकू यायचं. लक्ष्मीबाई लग्नानंतर लिहाय-वाचायला शिकल्या, हे कळल्यावर ती पोरगी मला म्हणाली, "आजी, मग मला अजून वेळ आहे."

काका आता आपल्यात नाहीत. ते पुस्तक मात्र कपाटात आहे. रोज जिथे थांबायचे तिथे तिने समासात पेन्सिलीने तारीख घातलीय. तीस वर्षं पेन्सिलीच्या रेघेला दंड करणारी मी, पण ते खोडायला माझा हात धजावला नाही.

कमिटीपुढे विषय आहे, की जिन्याखाली पार्सल ठेवायला रॅक हवा, म्हणून कपाटं गच्चीवरच्या खोलीत न्यावीत. पार्सलं माझीही येतात, अडचण मला कळते. पण गच्चीच्या दाराला कुलूप असतं आणि किल्ली वॉचमनकडे. किल्ली मागावी लागली की काय होतं, ते मी तीस वर्षं पाहिलंय. माझी सूचना अशी, की एक कपाट हलवा, एक येता-जाता दिसेल असं राहू द्या. आणि घरोघरी पडून असलेलं एक पुस्तक किंवा एक खेळ प्रत्येकाने या महिन्यात आणून द्या. वहीत नाव लिहा, नाही लिहिलं तरी चालेल.

काही हरवलं तर हरवू द्या. माझी शाल घरी आहे, दुसरी नको.

जेवण तयार आहे असं खुणावताहेत.