मरणोत्तर दान आणि घरची संमति

विरार स्थानकाहून पश्चिमेस निघालेली सडक अर्नाळ्याच्या समुद्रकांठीं संपते. पुढें पाण्यांत किल्ल्याचें बेट आहे. १७३७ सालीं मराठ्यांनीं तें पोर्तुगीजांकडून घेतलें. तेथें आजहि कोळ्यांची वस्ती आहे, आणि तिची ये-जा होडीनें चालते. अशा ठिकाणीं मरणोत्तर दानाचा विचार करावयाचा तर प्रथम घड्याळाकडे पाहावें लागतें. नेत्रदानास अवधि मिळतो तो सुमारें सहा तासांचा. तेवढ्यांत नेत्रपेढीस निरोप जावा, तिचीं माणसें यावींत, होडी मिळावी आणि भरती-ओहोटीनेंहि साथ द्यावी! त्यांतच घरचा कर्ता पुरुष मासेमारीकरितां खोल समुद्रांत गेलेला असला, तर संमति कोणी द्यावयाची? शोकाकुल घरांत हा प्रश्न प्रथमच निघाला, कीं वेळ हातची गेली असें समजावें.

याकरितांच आधीं नोंद हवी. परंतु नोंद केली म्हणजे सर्व झालें, हा समज शहरांतील सुशिक्षितांमध्येंहि आढळतो. १९९४ सालच्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणें हयातींतच दोन साक्षीदारांसमक्ष आपली इच्छा लिहून ठेवतां येते. साक्षीदारांपैकीं एक निकटचा नातेवाईक असावा लागतो. राष्ट्रीय अवयव व ऊतक प्रत्यारोपण संघटनेकडे आधार क्रमांकाच्या साहाय्यानें घरबसल्याहि नोंद होते. तथापि मृत्यूनंतर डॉक्टर विचारतात ते घरच्यांस, आणि त्यांनीं नकार दिला तर कोणी बळजबरी करीत नाहीं. पत्नीला वा मुलांना ठाऊक नसलेलें दानपत्र कपाटांत तसेंच पडून राहतें.

या विषयावर बोलतांना दधीचीचें उदाहरण हटकून देतात. तें तितकेंसें जुळत नाहीं. दधीचीनें आपल्या अस्थि स्वतः दिल्या. येथें इच्छा करणारा निघून गेलेला असतो, आणि ती पुरी करण्याचे कष्ट मागें राहिलेल्यांस पडतात.

डोळे व त्वचा यांचें दान घरीं आलेल्या मृत्यूनंतरहि होऊं शकतें. डोळ्यांतून बहुधा बुबुळापुढील पारदर्शक पडदाच घेतात. त्याची जाडी सुमारें अर्धा मिलिमीटर. चेहरा विद्रूप होत नाहीं. चष्मा, मधुमेह किंवा मोतीबिंदूची झालेली शस्त्रक्रिया यांची आडकाठी नाहीं. एड्स, रेबीज अशा रोगांत मात्र दान घेत नाहींत.

मूत्रपिंड, यकृत, हृदय यांची गोष्ट निराळी. मेंदूचें कार्य कायमचें थांबलें आहे, पण कृत्रिम श्वासावर हृदय चालतें आहे, अशा स्थितींत रुग्णालयांतच तीं घेतात. चार डॉक्टरांचें मंडळ निदान सहा तासांच्या अंतरानें दोनदां तपासणी करून मृत्यूचा दाखला देतें. छाती हालते आहे, अंग ऊन लागतें आहे, आणि डॉक्टर सांगतात कीं माणूस गेला! आप्तांस हें पटत नाहीं, यांत नवल तें काय? मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं १९६८ सालींच हृदयरोपणाचा प्रयत्न केला. रोगी कांहीं तासच जगला. मेंदूच्या मृत्यूस कायद्यानें मृत्यु मानण्यास त्यापुढें सव्वीस वर्षें लागलीं.

पुढील जन्मीं अंधत्व येईल, ही भीति अजून पुष्कळांच्या मनांत आहे. देह अखंडच पुरावा, असें वाटणारीं माणसें ख्रिस्ती कुटुंबांतहि असतात. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं २००० सालीं रोम येथें प्रत्यारोपणतज्ज्ञांपुढें अवयवदान ही प्रेमाची कृति असल्याचें सांगितलें होतें, तें वसईकडील धर्मगुरूंनीं प्रवचनांत सांगण्याजोगें आहे.

मृत्यूनंतर घरच्यांनीं करावयाचें तें थोडेंच आहे. पापण्या मिटवाव्या, त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोकें उशीवर किंचित् उंच करावें, पंखा बंद करावा, डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला हाताशीं ठेवावा. नेत्रपेढीचा दूरध्वनि क्रमांक आधींच भिंतीवर लिहून ठेवलेला असावा, आणि बेटावरील घरांतून त्याच्या शेजारीं होडीवाल्याचा.