मजुरीचं बिल वेगळं

रावेरपासून शिरपूरपर्यंतच्या गावांतून आलेल्या वायरमन, इलेक्ट्रिशियन, ठेकेदार बंधु-भगिनींनो,

धुळेकरांनी या मेळाव्यासाठी जळगावच्या माणसाला अध्यक्ष केलं. रिवाजाप्रमाणे मी धंद्याचा आढावा घ्यायला हवा. पण छतावरची सौर यंत्रणा, स्मार्ट मीटर, केळीपट्ट्यातले जळणारे पंप यांवर सकाळी भरपूर बोलून झालं. मला एकच विचारायचंय, आणि त्यासाठी मी फार वर्षं थांबलोय. आपल्या हातात पडतं काय?

लोक म्हणतात, हे लाखांची बिलं करतात. ऐका. जळगावच्या एमआयडीसीतल्या एका गोदामाचं काम मी सामानासह घेतलं. बिल ४ लाखांचं. केबल, पॅनल, एमसीबी, फिटिंग मिळून ३ लाखांचं सामान, १८ टक्के जीएसटी त्यातच भरलेला. माझी नोंदणी नाही, म्हणून त्याची वजावटही नाही. उरला १ लाख. हेल्परांची मजुरी ६० हजार, गाडीभाडं, पेट्रोल, ड्रिलचे बिट मिळून १२ हजार. माझे राहिले २८ हजार. मालकाच्या अकाउंटंटनं १ टक्का टीडीएस कापला, तो २८ हजारांवर नाही, अख्ख्या ४ लाखांवर. गेले ४ हजार. ५ टक्के अनामत वर्षभरासाठी अडकवली, म्हणजे आणखी २० हजार. ऐन दिवाळीत माझ्या खिशात ४ हजार रुपये, आणि गावात बोभाटा की याला ४ लाखांचं काम लागलं!

बरं, मला आयकर लागतच नव्हता. आज नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य आहे. या मंडपात १२ लाख कमावणारे किती, हात वर करा. तरीही टीडीएस कापला जातो. तो परत हवा तर विवरणपत्र भरा, भरून देणाऱ्याची फी द्या. आपली पोरं कंटाळून तो सोडून देतात. पॅन आधारला जोडलेलं नसेल तर कपात थेट २० टक्के. ४ लाखांवर ८० हजार!

नोकरी बरी की धंदा, यावर काल बरीच खडाजंगी झाली. माझ्या हाताखाली शिकलेला आयटीआय पास मुलगा डाळमिलमध्ये आहे. १५ हजार पगार. पीएफ १,८००, ईएसआय ११३, व्यवसाय कर २००. घरी नेतो १२,८८७. कमीच आहेत. पण पीएफ त्याच्या नावावर साठतो, मालकही भर घालतो, दुखलं-खुपलं तर ईएसआय आहे. शिडीवरून पडलेल्या आपल्या हेल्परला काय आहे? बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्याची नोंदणी होऊ शकते, ९० दिवसांच्या कामाचा दाखला लागतो. तो दाखला द्यायला आपलेच ठेकेदार टाळाटाळ करतात. मी समोर बसलेल्यांनाच म्हणतोय.

माझं म्हणणं, सामान मालकानंच आणावं, आपण फक्त मजुरी घ्यावी. तरुण मित्र म्हणाले, असं सामान सोडलं तर दुकानाचं कमिशन जाईल, वायरच्या बॉक्समधलं कूपन जाईल. जाऊ द्या! त्या गोदामानंतर मी मालकाला फक्त यादी लिहून देतो. जळगावचं गोलाणी मार्केट असो की धुळ्याचा आग्रा रोड, माल तो स्वतःच्या नावावर आणतो. माझं बिल निव्वळ मजुरीचं. तेच १ लाखाचं बिल धरा. टीडीएस १ हजार, अनामत ५ हजार. त्याच २८ हजारांतले २२ हजार लगेच हातात. कुठल्या कूपनानं कोणाला इतके दिले?

त्यासाठी जळगाव-धुळ्याचं मिळून मजुरीचं दरपत्रक करायचं आहे. पॉइंटचा दर, डीबी बसवायचा दर, मोटर-स्टार्टर जोडणीचा दर, सगळं त्यात येईल. कोणी आणि कसं करायचं, ते कार्यकारिणी बघेल. विवरणपत्रं भरून द्यायला एखादा करसल्लागार दोन्ही शहरांत बसवू, तेही ठरवू. तोवर ज्यांचा टीडीएस अडकलाय त्यांनी कपातीचे कागद मालकाकडून आजच मागून घ्या. देत नसेल तर मला सांगा, मी सोबत येतो.