मागच्या चाकाची बैठक

मुंबईहून नाशिककडे जाणारा जुना आग्रा रस्ता ठाण्याच्या पुढें कशेळीचा पूल ओलांडून भिवंडींत शिरतो. पूर्वीं यंत्रमागांसाठीं आणि अलीकडे गुदामांसाठीं प्रसिद्ध झालेलें हें गांव मोटारीच्या मागच्या चाकांची कठोर परीक्षा घेतें. मालमोटारींच्या भारानें दबलेला रस्ता आणि पावसाळ्यांत पाण्याखालीं दडलेले खड्डे यांतून जावयाचें, तर चाकाला वरखालीं हलण्यास भरपूर वाव पाहिजे. याच दिशेनें पडघा व शहापूर मागें टाकून कसारा घाट लागला, कीं परीक्षेचा विषय पालटतो. तेथें वळणामागून वळण येतें आणि चाकानें रस्त्यावरची आपली बैठक क्षणभरहि सोडतां कामा नये, अशी अट पडते. एकाच वाहनानें या दोन्ही परीक्षांत उत्तीर्ण व्हावयाचें, तर त्याच्या मागच्या चाकांची मांडणी कशी असावी? प्रश्न वरवर पाहतां कारागिराचा आहे. परंतु त्याच्या उत्तरावर आंत बसलेल्या माणसांचे प्राण अवलंबून असतात.

या प्रश्नाचा मोठा बोधप्रद इतिहास ट्रायम्फ स्पिटफायर या छोटेखानी इंग्रजी स्पोर्ट्स मोटारीशीं निगडित आहे. भारतीयांना ती परकी वाटण्याचें कारण नाहीं. तिचें थोरलें भावंड म्हणजे ट्रायम्फ हेरल्ड. ही मोटार १९५९ सालीं इंग्लंडांत बाहेर पडली. तिच्या अंगाची रेखाटणी मिकेलोत्ती या इटालियन कलावंताची होती. १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीनें तीच मोटार ‘स्टँडर्ड हेरल्ड’ या नांवानें भारतांत बनविली. इकडे इंग्लंडांत १९६२ सालीं हेरल्डच्याच सांगाड्याची आंखुड आवृत्ति करून तिच्यावर स्पिटफायर उभारण्यांत आली. सांगाड्याबरोबर मागच्या चाकांची मांडणीहि वारसाहक्कानें तिच्याकडे आली, आणि त्या मांडणींतील दोषहि आला.

तो दोष समजून घ्यावयाचा, तर प्रथम साधी गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. बैलगाडीचीं दोन्ही चाकें एकाच अखंड आंसावर असतात. एक चाक खड्ड्यांत गेलें, कीं आंस कलतो आणि दुसऱ्या चाकालाहि हिसका बसतो. हा दोष टाळण्यासाठीं आंसाचे दोन तुकडे करून प्रत्येक तुकडा मधल्या डिफरन्शियलच्या पेटीला जोडणें, ही झुलत्या आंसाची, म्हणजे स्विंग ॲक्सलची, कल्पना. तिचें एकस्व एडमुंड रुम्पलर या अभियंत्यानें १९०३ सालींच घेतलें होतें. हेरल्डमध्यें या दोन अर्ध्या आंसांवर एकच आडवी पाट्यांची कमान टाकलेली असे. प्रत्येक चाक स्वतंत्रपणें वरखालीं होई; खर्च थोडा, बैठक मऊ. भिवंडीच्या खड्ड्यांना हें उत्तर चोख होतें.

परंतु दाराची फळी जशी बिजागरीभोंवतीं फिरते, तसें हें चाक मधल्या सांध्याभोंवतीं कंसांत फिरतें. तें सरळ वर चढत नाहीं. अर्धा आंस ६० सेंटिमीटर लांब धरला आणि चाक ५ सेंटिमीटर खालीं उतरलें, तर त्याचा कल पावणेपांच अंशांच्या आसपास बदलतो. टायर मग तळव्यानें नव्हे, तर कडेनें रस्ता धरूं लागतो.

वळणावर याहून वाईट गोष्ट घडते. भिंतीला टेकलेल्या शिडीचा पाय भिंतीकडे ढकलला, कीं तिचें वरचें टोंक वर सरकतें, हें कोणींहि पाहिलेलें असतें. वेगानें वळतांना बाहेरच्या बाजूच्या चाकाला रस्ता असाच आंत ढकलतो. तो जोर तिरप्या आंसाच्या सांध्यापर्यंत पोंचून मोटारीचा मागचा भाग वर उचलतो. मागचा भाग उचलला, कीं चाक पोटाखालीं दुमडूं लागतें. चाक दुमडलें, कीं शिडी अधिकच उभी होते आणि भाग आणखी उचलला जातो. अशा वेळीं घाबरलेला चालक स्वाभाविकपणेंच वेग देणाऱ्या पायपट्टीवरून पाय काढतो. तेंच घातक ठरतें. कारण त्यामुळें भार पुढें झुकतो, मागचीं चाकें हलकीं होतात आणि मोटार गरकन् फिरते.

हा दोष एकट्या ट्रायम्फचा नव्हता. १९५४ च्या मर्सिडीझ ३०० एसएल या नामांकित मोटारींतहि झुलता आंसच होता. १९५७ सालीं तिची उघडी आवृत्ति काढतांना कंपनीनें आंसाचा सांधा खालीं आणला, म्हणजे शिडीचें टोंकच उतरविलें. अमेरिकेंत १९६० सालीं आलेल्या शेव्हरोले कॉर्व्हेअर मोटारीवर राल्फ नेडर यांनीं १९६५ सालीं आपल्या ग्रंथांत कडाडून टीका केली, ती मुख्यतः याच मांडणीवरून. तत्पूर्वी १९६४ सालीं त्या मोटारीच्या आंसाखालीं जादा आडवी कमान बसविण्यांत आली होती, आणि १९६५ सालीं मागची मांडणी मुळापासून बदलण्यांत आली.

स्पिटफायरच्या धन्यांनीं मात्र आपापल्या परीनें इलाज शोधले. सर्वांत सोपा इलाज म्हणजे डिफरन्शियल व कमान यांच्यामध्यें धातूचा ठोकळा घालून मोटारीचा मागचा भाग खालीं बसविणें. त्यामुळें चाकांचे माथे आरंभापासूनच थोडे आंत झुकतात आणि दुमडण्याची वेळ लांबते. परंतु जेवढी मोटार खालीं बसली, तेवढा चाकाला वर चढण्याचा वाव कमी झाला. गुळगुळीत शर्यतीच्या मार्गावर हें चालतें. खड्ड्यांच्या रस्त्यावर सांगाड्याला धक्के बसतात आणि टायर आंतल्या कडेनें झिजतात. कसारा घाट जिंकण्यासाठीं भिवंडीचा रस्ता हरल्यासारखें होतें.

खुद्द कंपनीनें प्रथम अवघड वाट धरली. स्पिटफायरची सहा सिलिंडरांची बहीण जीटी-६ हिच्या १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तींत चाकाखालीं वेगळा बाहु व आंसांत रबरी सांधा घालण्यांत आला. चाकाची बैठक सुधारली; पण भाग वाढले आणि खर्चहि वाढला. मग १९७० सालीं स्पिटफायरच्या चौथ्या आवृत्तींत जो उपाय आला, त्याच्या साधेपणाचें कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं. आडव्या कमानीचे बहुतेक पाटे पूर्वीं डिफरन्शियलवर घट्ट आवळलेले असत; ते आतां एका चौकटींत बसवून मध्यावर झुलूं दिले.

कावडीचा दांडा खांद्यावर कसा राहतो, तें आठवावें. दोन्ही टोंकांचा भार तो वांकून पेलतो. पण एक बाजू वर आणि दुसरी खालीं होऊं लागली, तर विरोध न करितां कलतो. नवी कमान तशीच वागते. दोन्ही चाकें एकदम खड्ड्यांत गेलीं, तर ती पूर्वीइतकाच भार घेते. वळणावर मोटार कलली, तर ती तराजूच्या दांडीप्रमाणें झुलते. बाहेरच्या मागील चाकावर एकाएकीं पडणारा बोजा त्यामुळें घटतो आणि चाक दुमडण्याची प्रवृत्ति पुष्कळ मावळते. मोटार अधिक कलूं नये, म्हणून पुढच्या बाजूची कल रोखणारी सळई जाड करण्यांत आली. मागें जें सोडलें, तें पुढें धरलें. या व्यवहाराचें मर्म येथें आहे: नुसती कमान बदलून पुढची सळई तशीच ठेवणें म्हणजे अर्धेंच काम होय. १९७३ सालीं जीटी-६ नेंहि अवघड मांडणी सोडून हीच साधी मांडणी पत्करली, आणि १९८० सालीं शेवटची स्पिटफायर बाहेर पडेपर्यंत ती टिकली.

भारतांत या प्रश्नाला निराळेंच उत्तर मिळालें. येथील कारागिरांचे हात फिआट आणि अँबॅसडर यांच्या अखंड आंसावर व लांबट पाट्यांच्या कमानींवर बसलेले होते. पाटा तुटला, तर तो रस्त्याकांठच्या दुकानांतहि बदलून मिळे; झुलत्या आंसाचें तंत्र मात्र पुष्कळांना अवगत नव्हतें. १९७२ सालीं मद्रासच्या कंपनीनें हेरल्डच्या जागीं ‘गॅझेल’ आणली, तेव्हां झुलता आंस काढून तिला अखंड आंस दिला. शास्त्राच्या दृष्टीनें हें एक पाऊल मागें वाटेल; परंतु ज्या मांडणीची निगा गांवोगांवचा कारागीर राखूं शकतो, ती त्या गांवच्या रस्त्यावर अधिक सुरक्षित ठरते, ही गोष्ट नाकारतां येत नाहीं.

आज जुनी हेरल्ड अथवा स्पिटफायर जतन करणाऱ्या गृहस्थापुढें दुहेरी धर्मसंकट असतें. २०२१ सालच्या केंद्रीय नियमांप्रमाणें ५० वर्षांहून जुन्या मोटारीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद मिळते, ती तिचें मूळ रूप कायम असून सांगाड्यांत मोठा फेरफार झालेला नसेल, तरच. मोटार मूळ रूपांत ठेवावी, तर वळणावर जीव धोक्यांत. जीव सांभाळावा, म्हणून सांगाडा कापून परका आंस बसवावा, तर मोटारीची ओळखच गेली. झुलती कमान आणि जाड सळई यांचें मोल येथें कळतें. सांगाड्याला करवत लावावी लागत नाहीं, आणि जुने भाग जपून ठेवले, तर पूर्वस्थितीहि परत आणतां येते.

काम झाल्यावर परीक्षाहि घरगुती साधनांनीं होते. दोन माणसांचा भार घातलेली मोटार सपाट फरशीवर उभी करून चाकाशीं गवंड्याचा ओळंबा धरावा. तेरा इंची चाकाच्या वरच्या व खालच्या कडांत ६ मिलिमीटरांचा फरक म्हणजे सुमारें एक अंशाचा कल. दोन्ही बाजूंचे आंकडे जुळले पाहिजेत. चाकांचीं तोंडें सरळ पुढें आहेत कीं नाहीं, हेंहि ताणलेल्या दोरीनें पाहून घेतलें पाहिजे. हा ओळंबा न धरतां घाटाची वाट धरणें शहाणपणाचें नव्हे.

मोटारीचें कौतुक करितांना लोक तिच्या एंजिनाची शक्ति विचारतात आणि तिच्या अंगाचा रंग पाहतात. पण भिवंडीचा खड्डा आणि कसाऱ्याचें वळण यांतलें कांहींच विचारीत नाहींत. तीं फक्त एवढेंच पाहतात, कीं चाक रस्त्यावर तळव्यानें उभें आहे कीं कडेनें.