गाठीभोवतीचा गुलाबी पसारा

पॅथॉलॉजिस्ट आणि सर्जन मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षाला एक तक्रार माफ असते, असं मी धरून चालतो. माझी तक्रार आपल्या रिपोर्टांबद्दल आहे. स्तनाच्या बायोप्सीत आपण पेशींची ग्रेड लिहितो, ईआर, पीआर, हर-टू लिहितो, मार्जिन मिलिमीटरमध्ये मोजतो. त्या पेशींभोवती स्लाइडवर जो गुलाबी पसारा दिसतो, त्या स्ट्रोमावर मात्र एक ओळही खर्च करत नाही.

ग्रॉसिंगच्या टेबलावर कडक गाठ कापताना सुरीखाली कच्च्या पेरूसारखं करकरतं. ते मुख्यतः कोलॅजन. कॅन्सरची पेशी स्वतः मऊच असते. म्हणजे बाईच्या हाताला गाठ लागते, तेव्हा लागतो तो बराचसा शेजार!

स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून बी आणि जमिनीची गोष्ट सांगितली, ती आपल्याला पाठ आहे. पण ती कॅन्सर दुसऱ्या अवयवात रुजण्याची गोष्ट होती. मुळात, पहिल्याच जागी जमीन आधी बिघडते का? बर्कलीत मेरी हेलन बार्सेलोस-हॉफ यांनी याचा छडा लावला. उंदरांच्या स्तनाच्या चरबीतून दुधाच्या ग्रंथींच्या पेशी आधीच काढून टाकलेल्या होत्या. त्या रिकाम्या जागेवर किरणोत्सर्गाचा मारा केला. नंतर तिथे किरणं न लागलेल्या, कॅन्सर नसलेल्या पेशी सोडल्या. २००० साली निष्कर्ष छापून आला: किरणं लागलेल्या जागी ८१ टक्के वेळा गाठी झाल्या, न लागलेल्या जागी १९ टक्के. पेशींना कोणी हात लावला नव्हता. मला विचाराल, तर हा प्रयोग प्रत्येक रेसिडेंटला पहिल्याच वर्षी शिकवावा.

त्याच बर्कलीत मीना बिसेल यांच्या गटाने १९९७ मध्ये उलट बाजूही दाखवली. पेशीच्या पृष्ठभागावरचा, तिला बाहेरच्या जाळ्याशी धरून ठेवणारा इंटिग्रिन प्रतिपिंडाने अडवला, तर कॅन्सरच्या पेशी पुन्हा शिस्तीत गोलाकार बसल्या. जनुकांतले दोष जसेच्या तसे होते.

आता रोजची डीसीआयएसची स्लाइड आठवा. नळी भरलेली, भोवती पी६३ने तपकिरी झालेल्या मायोएपिथेलियल केंद्रकांचं कडं, कुठे सलग, कुठे विरळ. ते शाबूत दिसलं की आपण निर्धास्त होतो. पण कॉर्नेलिया पोल्याक यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं, की या टप्प्यावरच कड्यातल्या आणि आसपासच्या पेशींचंही वागणं बदललेलं असतं. जनुकीय बिघाड मात्र आतल्या पेशींतच सापडतो.

म्हणून सुचवतो: डीसीआयएसच्या रिपोर्टात एक ओळ स्ट्रोमासाठी ठेवा. सैल की दाट, लिम्फोसाइट किती, कडं कुठे तुटलं. याला नवा स्टेन लागत नाही. यावरून आज कोणाची ट्रीटमेंट बदलणार नाही, हेही स्पष्ट सांगतो. पण नोंदच नसेल तर उद्या तपासणार काय?

सर्जन मंडळींकडे एक मागणं. मॅमोग्राफीत दिसणारी घनताही बरीचशी या स्ट्रोमाचीच असते. तीन चतुर्थांशाहून जास्त भाग दाट असेल, तर १० टक्क्यांहून कमी दाट असणाऱ्यांच्या तुलनेत कॅन्सरचा धोका चार-पाच पट असतो. पेशंटला त्याने घाबरवू नका, पण आमच्या फॉर्मवर ती घनता लिहा. तो रकाना हमखास कोरा येतो.