पलीकडे वाचणारा कोणी



१९१७ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला एक विद्यार्थी मुंबईला परत निघाला. बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती संपली होती आणि अभ्यास अर्ध्यावर राहिला होता. तो स्वतः एका बोटीने आला, जमवलेली पुस्तके दुसऱ्या बोटीने पाठवली. महायुद्धाचे दिवस होते. पुस्तकांची बोट टॉर्पेडोने बुडाली.

विद्यार्थ्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली होती, तिचा उपयोग करून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर झाला, पण परीक्षकांनी तो सुधारून मागितला. तोवर पैसे संपले होते. १९२३ मध्ये मुंबईला परतून त्यांनी दुरुस्त्या केल्या, प्रबंध टपालाने लंडनला धाडला, आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मंजूर झाली. कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. तर त्याहून रेंगाळली. त्या अभ्यासावरचे पुस्तक १९२५ मध्ये छापून आले आणि पदवी हाती पडली १९२७ मध्ये.

गाइड एका खंडात, विद्यार्थी दुसऱ्या खंडात आणि मध्ये समुद्र, अशा अवस्थेत प्रबंध पुरा करणे ही काही झूमच्या काळात सुरू झालेली गोष्ट नव्हे. त्या काळी प्रश्नाचे उत्तर यायला महिना लागे. आज ते चार मिनिटांत येऊ शकते, आणि तरीही कित्येक संशोधकांना ते चार महिने येत नाही. आजच्या या परिषदेने विचार करायचा तो या विसंगतीचा.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. 'घरबसल्या ऑनलाइन पीएच.डी.' अशा जाहिराती मोबाइलवर रोज येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार देशातल्या कोणत्याही संस्थेला दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. देता येत नाही. परदेशी विद्यापीठाचे नाव पुढे करून अशा पदव्या विकणाऱ्या कंपन्यांपासून सावध राहा, असा इशाराही आयोगाने आणि तंत्रशिक्षण परिषदेने त्याच वर्षी दिला. तेव्हा फी भरण्याआधी आयोगाच्या संकेतस्थळावर दहा मिनिटे घालवावीत.

मात्र तीच नियमावली नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करू देते. कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, किमान १२ क्रेडिटचे कोर्सवर्क करावे लागते, आणि किमान ३ ते कमाल ६ वर्षांची मुदत असते. पुनर्नोंदणीने २ वर्षे वाढतात, महिलांना आणि दिव्यांगांना आणखी २ वर्षांची सवलत आहे. पदवी ऑनलाइन नसली, तरी अशा अर्धवेळ संशोधकाचे बरेचसे शिक्षण व्यवहारात पडद्यावरच होते. समजा, अहेरीच्या महाविद्यालयात शिकवणारी एखादी प्राध्यापिका आहे आणि तिचा गाइड नागपुरात आहे. दिवसभर तास, पेपर तपासणी, नॅकच्या फायली, मध्येच निवडणुकीची ड्युटी. रात्री साडेनऊला स्वयंपाकघर आवरले की लॅपटॉप उघडतो. तिच्या दृष्टीने विद्यापीठ म्हणजे तो लॅपटॉप.

सामग्रीचे म्हणाल, तर तिच्याकडे आज काय नाही? गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा'वर देशभरातले लाखो प्रबंध फुकट वाचता येतात. आपल्या विषयावर आधी काय झाले आहे, कोणता प्रबंध मेहनतीचा आणि कोणता नुसता जाडजूड, हे एका संध्याकाळी कळते. आयआयटींनी चालवलेल्या एनपीटीईएलची आणि २०१७ पासून 'स्वयम्'ची व्याख्याने आहेत. 'एक राष्ट्र, एक वर्गणी' या योजनेतून २०२५ पासून सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली आहेत. खासगी महाविद्यालयात नोकरी करणाऱ्यांनी, जिथे नोंदणी केली आहे त्या विद्यापीठाच्या ग्रंथपालाला गाठून आपल्याला काय मिळू शकते ते विचारावे. ग्रंथपालाची ओळख पहिल्याच महिन्यात करून घेतलेली बरी.

म्हणजे अडते ते माहितीपाशी नाही.

अमेरिकेतल्या कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सने पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचा मोठा पाठपुरावा केला. दहा वर्षांनंतरही पदवी पुरी केलेल्यांचे प्रमाण ५७ टक्के निघाले, मानव्यविद्यांमध्ये तर ४९ टक्केच. अर्ध्यावर सोडणारे हुशारीत कमी पडतात का? बार्बरा लोव्हिट्स यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सोडून गेलेल्यांचे आणि पुरे करणाऱ्यांचे आधीचे गुण जवळजवळ सारखेच आढळले. फरक होता तो विभागात मिसळण्याचा, कोणाशी तरी कामाबद्दल बोलायला मिळण्याचा. गेलेली माणसे गाजावाजा न करता गेली होती, आणि पुष्कळदा ती का गेली हे त्यांना कोणी विचारलेही नव्हते. हे सगळे एकाच आवारात राहणाऱ्यांचे. मग अहेरी आणि नागपूर यांच्यामध्ये काय होत असेल?

लेखनाच्या सवयींवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांचा १९८९ चा एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. त्यांनी नव्या प्राध्यापकांचे तीन गट केले. पहिला गट नेहमीसारखा, सुट्टी मिळेल तेव्हा बैठक मारून लिहिणारा. दुसऱ्याने रोज थोडे लिहायचे आणि त्याची नोंद ठेवायची. तिसऱ्याने तेच करायचे, पण दर आठवड्याला ती नोंद कोणाला तरी दाखवायची. वर्षाला सरासरी पाने झाली अनुक्रमे १७, ६४ आणि १५७. रोज लिहिल्याने काम जवळजवळ चौपट झाले हे खरेच, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातल्या ९३ पानांच्या फरकाचे कारण एवढेच की पलीकडे कोणीतरी वाट पाहत होते.

दूर बसलेल्या संशोधकाला आधी उभारायची आहे ती ही पलीकडची व्यक्ती. ती गाइडच असली पाहिजे असे नाही. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये 'शट अप अँड राइट' नावाने लेखकांच्या बैठका सुरू झाल्या. पुढे ऑस्ट्रेलियातल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनी ती पद्धत उचलली. चार जण एका वेळी बसतात, पंचवीस मिनिटे गप्प लिहितात, पाच मिनिटे बोलतात, पुन्हा लिहितात. पंचवीस मिनिटांचे हे माप फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याच्या टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळावरून आले. अशा बैठकांसाठी वायफायदेखील फारसे लागत नाही. कॅमेरा बंद ठेवून, नुसता फोन चालू ठेवूनही हे होते.

गाइडशी वागण्याचीही एक रीत आहे. 'सर, प्रकरण पाठवले आहे, बघा' या निरोपाला उत्तर मिळत नाही, कारण ऐंशी पाने 'बघायला' कोणालाच वेळ नसतो. सहा पाने पाठवावीत आणि सोबत दोन नेमके प्रश्न विचारावेत. बोलणे झाले की काय ठरले ते त्याच रात्री चार ओळींच्या ईमेलने कळवावे. सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे उभे राहताना त्या ईमेलच उपयोगी पडतात. आणि गाइडचे मत वेगळे पडले, तर घाबरू नये. बाबासाहेबांच्या रुपयावरच्या ग्रंथाला त्यांचे गाइड प्राध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि त्याच प्रस्तावनेत आपल्याला काही मुद्दे पटत नसल्याचे नोंदवून ठेवले. विद्यार्थ्याला एवढ्या बारकाईने वाचणारा गाइड भाग्यानेच मिळतो.

बुडालेल्या बोटीचा धडा तर सगळ्यांना ठाऊक आहे आणि जवळजवळ कोणीच पाळत नाही. प्रबंधाच्या तीन प्रती हव्यात: एक लॅपटॉपवर, एक क्लाउडवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर. संदर्भ सांभाळायला झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच टंकलेखन करावे. जुन्या फाँटमधला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी कळांची खिचडी असते. तिच्यात ना शोध घेता येतो, ना साम्यतपासणी धड होते. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी १० टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडाविना ठेवले आहे, म्हणून उरलेल्या संशोधनाला प्रामाणिकपणाचे प्रमाणपत्र मिळत नाही. उचललेला विचार शब्द बदलून लिहिला, तर सॉफ्टवेअरला सापडत नाही. तोंडी परीक्षेत मात्र सापडतो.

आणि पडद्याची हद्दही ओळखायला हवी. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी मोडी कागद आहेत. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात रुमालात बांधलेले गठ्ठे सोडून कागद हाताळावा लागतो, तिथल्या जाणत्यांशी चहा घ्यावा लागतो. शोधयंत्राने दाखवले नाही म्हणजे अस्तित्वात नाही, असे धरून लिहिलेला प्रबंध पोकळ राहतो. वर्षातली पंधरा दिवसांची सुट्टी अशा एका ठिकाणासाठी राखून ठेवता येईल.

हे सगळे विद्यार्थ्यांवरच टाकणे अन्यायाचे होईल. कोविडच्या काळात व्हिडिओवरून तोंडी परीक्षा घेता आल्या, तर सल्लागार समितीच्या बैठकीसाठी चारशे किलोमीटरवरच्या संशोधकाला एका सहीपुरते का बोलवावे? ग्रंथालयाचा दूरस्थ प्रवेश नोंदणीच्या दिवशीच का देऊ नये? प्रत्येक गाइडने महिन्यातला एक ठरलेला तास दूरच्या विद्यार्थ्यांसाठी मोकळा ठेवावा आणि विद्यापीठाने तो त्याच्या कार्यभारात धरावा, असा ठराव या परिषदेने आज संध्याकाळी करावा, ही अध्यक्षपदावरून विनंती आहे.

जेवणाच्या सुट्टीला अजून वीस मिनिटे आहेत. प्रत्येक संशोधकाने शेजारी बसलेल्या अनोळखी संशोधकाचा ईमेल पत्ता लिहून घ्यावा. पडद्यापलीकडून सहभागी झालेल्यांनी आपापसांत जोड्या लावून घ्याव्यात. येत्या रविवारी रात्री दहापर्यंत त्या पत्त्यावर आपल्या प्रबंधातली दोन पाने जायची आहेत, कच्ची असली तरी चालतील.