काशीचे बाबूराव पराडकर

काशीत मैदागिन भागात पत्रकारांची एक वास्तू आहे. तिचे नाव ‘पराडकर स्मृती भवन’. हे आडनाव ऐकताच मराठी यात्रेकरू क्षणभर थबकतो. हिंदी वृत्तपत्रसृष्टीने आपल्या अग्रणी संपादकाचे म्हणून जे नाव जतन केले, ते एका मराठी गृहस्थाचे आहे.

बाबूराव विष्णु पराडकर यांचा जन्म 1883 साली काशीतच झाला. दुर्गाघाट, ब्रह्मघाट या बाजूस मराठी कुटुंबांची वस्ती जुनी आहे. नाथांनी आपले भागवत 1573 साली याच नगरीत पूर्ण केले. अशा ठिकाणी घरात मराठी, पाठशाळेत संस्कृत आणि उंबरठ्याबाहेर हिंदी, हा व्यवहार कोणालाही विलक्षण वाटत नाही. पराडकरांच्या बाबतीत विलक्षण एवढेच की, उंबरठ्याबाहेरच्या भाषेला त्यांनी आपले सारे आयुष्य वाहिले.

हा वारसा त्यांना मामाकडून लाभला होता. सखाराम गणेश देऊसकर हे देवघरजवळच्या करों गावी जन्मलेले मराठी गृहस्थ. पण त्यांची लेखणी बंगालीत चाले. इंग्रजी राज्याने हिंदुस्थानच्या उद्योगधंद्यांची आणि शेतकऱ्यांची काय दशा केली, याचा आकडेवारीसह हिशेब त्यांनी ‘देशेर कथा’ या ग्रंथात 1904 साली मांडला. वंगभंगाच्या चळवळीत तो ग्रंथ घरोघर वाचला गेला आणि 1910 साली सरकारने त्यावर बंदी घातली. त्याचे हिंदी भाषांतर भाच्याने केले. मराठी मामाचे बंगाली पुस्तक मराठी भाच्याने हिंदीत आणले. त्यात मराठी कोठे, असे कोणी विचारील. देऊसकरांनी शिवाजी महाराजांवर बंगालीत लिहिले, हे त्याने ध्यानात घ्यावे.

असाच एक संपादक त्याच काळात दक्षिण आफ्रिकेत झाला. सॉलोमन प्लाटये याची मातृभाषा त्स्वाना. 1913 च्या भूमी कायद्याने आफ्रिकनांना देशाची जेमतेम सात टक्के जमीन उरली, तेव्हा बेघर झालेल्या कुटुंबांची हकीकत त्याने इंग्रजीत लिहून 1916 साली प्रसिद्ध केली. ‘देशेर कथा’शी या पुस्तकाचे नाते जवळचे आहे. तथापि तोच प्लाटये शेक्सपिअरची नाटके त्स्वानात आणीत होता, आणि आपल्या भाषेतील म्हणी जमवीत होता. परकी भाषा त्याला घराबाहेर घेऊन गेली खरी, पण घर त्याने सोडले नाही.

पुढे 1948 पासून तेथे वर्णभेद हे राज्याचे अधिकृत धोरण झाले. 1953 च्या बांटू शिक्षण कायद्यानंतर सरकारने आफ्रिकन मुलांच्या प्राथमिक शिक्षणात मातृभाषेची सक्ती वाढवली. वरवर पाहता हे आपल्याकडील शिक्षणतज्ज्ञांच्या मागणीसारखेच! वस्तुतः त्यातला हेतू निराळा होता. ज्याला त्याला त्याच्या जमातीच्या आवारात ठेवावे, म्हणजे एकाचे दुःख दुसऱ्याला वाचता येऊ नये. या शिक्षणाला विरोध केल्याबद्दल एझेकिएल म्फाहलेले यांना शिक्षकाच्या नोकरीस मुकावे लागले. त्यांचे 1959 चे आत्मचरित्र त्या पिढीची साक्ष आहे. 1976 साली सोवेटोची मुले रस्त्यावर आली ती लादलेल्या आफ्रिकान्स भाषेविरुद्ध. तीच मातृभाषा कोणाच्या हाती ओसरी होते आणि कोणाच्या हाती कोंडवाडा, हे पाहू गेल्यास पराडकरांसारख्याचे महत्त्व कळते. प्रत्येकाने आपल्या रक्ताच्या भाषेतच राहावे, या कल्पनेला त्यांच्या घराण्याने दोन पिढ्या कामातूनच उत्तर दिले.

ते काम सोपे नव्हते. कलकत्त्यात हिंदी पत्रांतून उमेदवारी करीत असता क्रांतिकारकांशी असलेल्या संबंधांवरून 1916 मध्ये त्यांना अटक झाली. सुमारे साडेतीन वर्षे स्थानबद्धतेत गेली. सुटून काशीला परतले तो शिवप्रसाद गुप्त यांनी 1920 साली ‘आज’ दैनिक काढले, आणि पराडकरांचे नाव त्या पत्राशी कायमचे जोडले गेले. 1930 च्या सत्याग्रहात पत्रांची मुस्कटदाबी झाली, तेव्हा काशीतून ‘रणभेरी’ हे गुप्त पत्रक निघू लागले. त्यामागेही त्यांचा हात होता.

त्यांची शब्दांची टाकसाळ तर आजही चालू आहे. ‘मिस्टर’च्या जागी ‘श्री’, तसेच ‘राष्ट्रपति’ आणि ‘मुद्रास्फीति’ हे शब्द हिंदीत रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. मराठीने शेवटच्या शब्दासाठी ‘चलनवाढ’ पसंत केला, तो अधिक घरगुती आहे. पण राष्ट्रपती दोन्ही भाषांत एकच.

1925 साली वृंदावनच्या संपादक संमेलनात अध्यक्ष म्हणून त्यांनी एक इशारा दिला. पुढील काळी वृत्तपत्रे सुबक छापली जातील, सचित्र असतील, त्यांचा खप मोठा असेल. पण त्यांत प्राण उरणार नाही आणि संपादक धनिकांच्या धोरणाचा चाकर होईल, असा त्याचा आशय होता. 1955 च्या जानेवारीत काशीतच त्यांचा अंत झाला. हिंदी पत्रकारांच्या सभांतून त्या भाषणाचा उल्लेख अजून होतो; महाराष्ट्रात मात्र त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही.