पाठींतील बारीक सुई

गडचिरोली जिल्ह्यांतील कुरखेड्यासारख्या जंगलपट्टींतल्या गांवीं बाळंतिणीचें पोट उघडून मूल काढण्याची वेळ आली, म्हणजे सारी भिस्त अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या एका सुईवर असते. कण्यांतील द्रवांत तिच्यावाटे औषध सोडलें कीं कमरेखालील अंग बधिर होतें. माता जागी राहते आणि बाळाचें पहिलें रडणें आपल्या कानांनीं ऐकते.

या विद्येला मात्र जन्मापासूनच हत्यारांचा जाच आहे. 1898 सालीं जर्मनींतील कील येथें ऑगस्ट बीअर यांनीं हा प्रयोग आपल्याच पाठीवर करवून घेतला. त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांच्या हातांतील पिचकारी सुईला नीट बसेना! जुळवाजुळव होईतों पुष्कळ द्रव वाहून गेला आणि औषधहि सांडलें. पुढें नऊ दिवस बीअर उठून बसले कीं त्यांचें डोकें दुखे, आडवे झाले कीं थांबे. बाळंतिणींना आजहि जडणारी डोकेदुखी ती हीच. भोंक मोठें तितकी गळती अधिक, म्हणून सुया बारीक होत गेल्या. 1951 सालीं व्हिटाकर व हार्ट यांनीं पेन्सिलीच्या टोंकाची सुई पुढें आणली, ती आवरणाचे तंतु कापण्याऐवजीं बाजूस सारते.

पण बारीक सुई नाजूकहि असते. हाडाला अडली असतां जोर केला, तर ती वांकते, क्वचित् मोडतेहि. यासाठीं आधीं एक जाड वाटाडी सुई घालतात, आणि अडल्यास दोन्ही एकदम मागें घेतात. मोडलीच, तर मातेला त्याच स्थितींत निश्चल धरावयाचें. पाठ हलली कीं तुकडा आंत सरकतो. टोंक दिसत असेल तर चिमट्यानें धरून काढावयाचें. नसेल तर उकराउकर न करतां बाळाची सुटका उरकून, क्ष-किरणांनीं तुकड्याचा ठाव घेऊन, मातेला तज्ज्ञांकडे पाठवावयाचें. आणि कुरखेड्याहून नागपूरचा रस्ता लांबचा आहे.

याहून फसवें संकट सांध्यावरच्या गळतीचें. एकूण मात्राच दोन मिलिलिटरच्या आसपास. त्यांतील थोडी पिचकारीच्या सांध्यांतून निसटली तरी बधिरता अर्धवट येते. किती औषध आंत गेलें हें न कळतां पुन्हां पूर्ण मात्रा दिली, तर बधिरता छातीच्या वर चढून रक्तदाब कोसळतो, श्वासहि थांबूं शकतो. प्राणवायु, श्वास देण्याची पिशवी, घशांत नळी घालण्याचें दिव्याचें उपकरण हीं तपासून हाताशीं ठेवल्याशिवाय पाठीला सुई लावूंच नये. दारांत ताटकळणाऱ्या नातलगांना हीं कांहीं मिनिटें खटकतात, "एवढा वेळ कसला?" असें ते विचारतात. त्या वेळांत आंत कोणीतरी पिचकारी सुईला घट्ट बसते कीं नाहीं, हें पाहत असतें.